पान लागलेल्या जनावराचा खर्च

घोणस चावलेली गाय वाचवायला एका घरी सात हजार रुपये पुरतात. दुसऱ्या घरी पंधरा हजार जातात आणि गायही जाते. हा फरक थोडासा सापामुळे पडतो. बराचसा पडतो तो उपचार किती वेळात सुरू झाले आणि पहिले पैसे कशावर गेले यामुळे. मोसम खोऱ्यात मृग लागला की गोठ्यात, कांद्याच्या चाळीखाली, डाळिंबाच्या बागेत साप दिसायला लागतात. त्यामुळे नामपूर आणि आसपासच्या गावांतल्या पशुपालकांनी हा हिशोब घटना घडण्याआधीच डोक्यात ठेवायला हवा. घटना बहुधा रात्री घडते आणि तेव्हा हिशोब सुचत नाही.

सगळ्या खर्चाच्या मध्यभागी एकच वस्तू आहे, ती म्हणजे सर्पविषावरच्या लसीची कुपी. डॉक्टर तिला प्रतिसर्पविष किंवा एएसव्ही म्हणतात, औषध दुकानात ‘साप चावल्याचं इंजेक्शन’ म्हणून मागितली तरी कळते. माणसांना देतात तीच कुपी आपल्याकडे कुत्र्याला, गायीला, शेळीला देतात. घोड्यांना विषाचे थोडे थोडे डोस देऊन त्यांच्या रक्तात तयार झालेल्या प्रतिद्रव्यांपासून ती बनते. महाराष्ट्रात मुंबईची हाफकिन आणि जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावची प्रीमियम सीरम्स या संस्था तिचं उत्पादन करतात. ही एकच लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालते. म्हणून कोणता साप होता हे कळलंच पाहिजे, त्याशिवाय उपचार नाहीत, असं अजिबात नाही. साप शोधण्यात घालवलेला अर्धा तास हा या सगळ्या हिशोबातला सर्वांत महागडा अर्धा तास. लांबून मोबाइलवर फोटो मिळाला तर ठीक, नाहीतर निघा. साप मारायला जाऊन माणसालाच दंश झाल्याच्या घटना कमी नाहीत, आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे साप मारणं गुन्हाही आहे.

कुपी १० मिलीची असते. हे औषध अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत असल्याने त्याच्या किमतीवर सरकारची कमाल मर्यादा आहे. कंपनीप्रमाणे एका कुपीला ढोबळमानाने ५०० ते ९०० रुपये धरून चाला. पुढचे सगळे आकडे मी ८०० रुपयांनी मांडले आहेत, म्हणजे प्रत्यक्षात खर्च थोडा कमी-जास्त होईल. छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त देऊ नका. रात्री अडल्या वेळी कुणी जास्त मागितले तर पक्कं बिल मागा.

आता किती कुप्या लागतात ते पाहू. इथे बहुतेकांची समजूत उलटी असते. जनावर लहान म्हणून औषध कमी, हा नेहमीचा नियम इथे लागू नाही. कुपीतलं औषध जनावराच्या वजनाशी झुंजत नाही, सापाने टोचलेल्या विषाशी झुंजतं. एक मिली लस नागाचं किंवा घोणशीचं ०.६ मिलिग्रॅम आणि मण्यारीचं किंवा फुरशाचं ०.४५ मिलिग्रॅम विष निकामी करते, असं तिचं प्रमाण ठरलेलं आहे. साप समोर कुत्र्याचं पिल्लू आहे की म्हैस आहे हे पाहून विष मोजून देत नाही. उलट पंधरा किलोच्या कुत्र्यात तेवढंच विष चारशे किलोच्या गायीपेक्षा किती तरी जास्त दाटतं. म्हणून ‘कुत्रंच तर आहे, अर्धी कुपी बस झाली’ हे बोलणं मनातून काढून टाका. कुत्र्यासाठी सुरुवातीला दोन ते पाच कुप्यांची आणि गायी-म्हशीसाठी चार ते दहा कुप्यांची तयारी पैशांच्या बाजूने ठेवा. नेमक्या किती, हे डॉक्टर लक्षणं पाहून ठरवतील. माणसांच्या उपचारात सुरुवातच साधारण दहा कुप्यांनी होते हे लक्षात घेतलं, तर जनावरांच्या डॉक्टरने चार कुप्या सांगितल्यावर तो लुटतोय असं वाटणार नाही.

कुत्र्याचं उदाहरण घेऊ. डाळिंबाच्या बागेत राखणीला असलेला कुत्रा, नाकाच्या बाजूला दंश. कुत्रे हुंगायला जातात, म्हणून त्यांना तोंडावर आणि पुढच्या पायांवर जास्त चावे बसतात. तीन कुप्यांचे २,४०० रुपये. सलाइनची बाटली, नळी, सुई, ॲलर्जीचं इंजेक्शन आणि किरकोळ औषधं धरून ५०० ते ६००. डॉक्टरांची फी वेळेनुसार ५०० च्या आसपास. मालेगावला किंवा सटाण्याला न्यायला पिकअप केली तर हजार ते दीड हजार. एकूण साडेचार ते पाच हजार. सहा तासांनी पुन्हा रक्त तपासल्यावर आणखी दोन कुप्या लागल्या तर १,६०० वाढतील. शेळीचा हिशोबही याच्या जवळपास जातो. दूध देणारी किंवा गाभण शेळी असेल तर तो खर्च करण्यासारखा आहे. चार महिन्यांच्या करडासाठी प्रत्येकाला तो झेपेलच असं नाही, आणि तसं डॉक्टरांना मोकळेपणाने सांगण्यात काही वावगं नाही.

गायीचा आकडा मोठा दिसतो. सहा कुप्यांचे ४,८०० किंवा दहा कुप्यांचे ८,०००. डॉक्टर घरी येऊन तीन वेळा तपासतील तर त्याचे दीड हजार. सलाइन आणि बाकीच्या औषधांचे हजार. म्हणजे ७,३०० ते १०,५००. नाग किंवा घोणस चावल्यावर दंशाभोवतीचं मांस सडू शकतं. तसं झालं तर मलमपट्टी कित्येक आठवडे चालते आणि दीड-दोन हजार त्यात जातात. याच्या समोर आठ-दहा लिटर दूध देणाऱ्या संकरित गायीची बाजारातली किंमत ठेवून पाहा. मग हा खर्च महाग आहे की नाही ते तुम्हीच ठरवाल.

पंधरा हजार जाऊनही गाय जाते ती कशी, हे सांगायला हवं, कारण ही चूक फार घरांत होते. जनावर सुजलंय म्हणून पहिल्या दिवशी सुजेचं इंजेक्शन, अँटिबायोटिक, स्टिरॉइड, दोन सलाइन. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, वर ताकदीचं टॉनिक. तिसऱ्या दिवशी लघवी लाल झाल्यावर कुणीतरी लसीचं नाव काढतं. तोवर विष मूत्रपिंडापर्यंत पोचलेलं असतं. लस रक्तात फिरणारं विष पकडते. एकदा झालेली इजा तिला उलटवता येत नाही. म्हणून पैसे मोजकेच असतील तर ते पहिल्या काही तासांत कुपीवर घाला. बाकी सगळी औषधं तिच्या मागे उभी राहणारी आहेत, तिच्या जागी चालणारी नाहीत. तुमच्या डॉक्टरांना थेट विचारा: ‘डॉक्टर, विषारी दंश वाटतोय का? वाटत असेल तर लस आत्ताच सुरू करायची का?’ या प्रश्नाने कुणाचा अपमान होत नाही.

मात्र प्रत्येक चाव्याला लस लागत नाही, आणि इथे पैसे वाचतात. धामण, दिवड, कवड्या हे साप बिनविषारी. विषारी सापही कधी कधी चावताना विष सोडत नाही. गांधीलमाशीच्या डंखानेही कुत्र्याचं तोंड फुगतं. मग ओळखायचं कसं? घोणस आणि फुरसे यांचं विष रक्त गोठू देत नाही. त्यासाठी एक साधी तपासणी आहे. कोरड्या, स्वच्छ, नव्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचं, २० मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग नळी तिरकी करून पाहायचं. रक्त गोठलं नसेल तर लस हवी. या तपासणीला यंत्र लागत नाही, लॅब लागत नाही, खर्च नळीचा. नळी प्लॅस्टिकची नको, काचेचीच हवी, आणि साबणाने धुतलेलीही नको, नाहीतर निकाल फसवा येतो. सहा तासांनी हीच तपासणी पुन्हा करतात, कारण गोठवणारे घटक नव्याने तयार करायला यकृताला तेवढा वेळ लागतो. मध्येच घाईने कुप्या वाढवण्यात अर्थ नसतो. हिरड्यांतून रक्त, सुई टोचल्या जागेतून थांबत नसलेलं रक्त, भराभर वर चढणारी सूज, लालसर लघवी ही याच सापांची लक्षणं.

नाग आणि मण्यार यांचा रस्ता वेगळा. त्यांचं विष नसांवर जातं. पापण्या मिटायला लागतात, लाळ गळते, कुत्रा मागच्या पायांवर डुलतो, भुंकण्याचा आवाज बदलतो, शेवटी श्वास थांबतो. या दोघांत २० मिनिटांची तपासणी ठीक आली म्हणून निर्धास्त होऊ नका. मण्यारीच्या दंशाची तर खूणही दिसत नाही, सूजही नसते. रात्री धडधाकट बांधलेला कुत्रा पहाटे उठत नाही, तेव्हा मण्यारीचा संशय घ्यायलाच हवा. नागाच्या दंशात लसीबरोबर ॲट्रोपिन आणि निओस्टिग्मिन ही इंजेक्शनं उपयोगी पडतात, आणि ती कुपीच्या मानाने अगदीच स्वस्त आहेत. मण्यारीत त्यांचा भरवसा कमी. श्वासच बंद पडत असेल तर घशात नळी घालून हाताने फुगा दाबत राहावं लागतं, तेही कित्येक तास. हे गावात क्वचितच जमतं. नाशिकच्या खाजगी प्राणी रुग्णालयात दाखल केलं तर दिवसाचे हजार ते अडीच हजार, वर रक्ताच्या तपासण्यांचे प्रत्येक वेळी हजाराच्या आसपास धरा. कुप्यांसकट तीन दिवसांत पंधरा हजारांच्या पुढे जाणं अवघड नाही. नामपूरहून नाशिक अडीच-तीन तासांचं. म्हणून माझं स्पष्ट मत असं की पहिली कुपी सटाण्यात किंवा मालेगावात, जिथे आधी मिळेल तिथे चढवा आणि मग हवं तर पुढे न्या. कुपी न देता गाडी नाशिकच्या रस्त्याला लावू नका.

सरकारी सोयीचा विचार आधी करा. गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासणीचं शुल्क नाममात्र असतं. १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फोन केला तर फिरतं पशुवैद्यकीय पथक दारात येतं. पण रात्री ते येईलच असं धरून बसू नका. दवाखान्यात डॉक्टर असले तरी कुपी शिल्लक असेलच असंही नाही. ती मेडिकलमधून आणावी लागेल आणि त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागेल. ग्रामीण रुग्णालयात लस मोफत असते ती माणसांसाठी. तिथल्या साठ्यावर जनावरासाठी हक्क सांगू नका. त्याच रात्री एखाद्या लेकराला ती लागू शकते.

कुपी घेताना दोन गोष्टी पाहा. पावडरची आहे की पातळ? पातळ लस फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांतच टिकते, उन्हातून मोटारसायकलच्या डिकीत आणली तर तिचा भरवसा राहत नाही. पावडरची कुपी वाहतुकीला सोपी, आपल्या उन्हाळ्याला तीच बरी. ती सोबतच्या पाण्यात विरघळवताना जोरात हलवायची नाही, फेस होतो. तळहातात हळूहळू फिरवायची. आणि मुदत संपल्याची तारीख विकत घेतानाच वाचायची.

लस शिरेतून सलाइनमध्ये मिसळून हळूहळू जाते. ती घोड्याच्या रक्तापासून बनलेली असल्यामुळे काही जनावरांना तिची तीव्र ॲलर्जी येते. अंगावर गांधी उठतात, धाप लागते, जनावर कोसळतं. त्यासाठी ॲड्रेनलिन भरून हाताशी ठेवलेलं असावं. म्हणून यूट्यूबवर पाहून किंवा गावातल्या इंजेक्शन टोचणाऱ्याकडून ही लस देऊ नका. दंशाच्या जागेभोवती लस टोचण्याचाही उपयोग नाही. डॉक्टर लस सुरू करून लगेच निघून गेले तर त्यांना निदान पहिला तासभर थांबायची विनंती करा. त्या तासाची जास्त फी मागितली तरी ती योग्य आहे.

डॉक्टर येईपर्यंत घरी करायच्या गोष्टींना पैसे लागत नाहीत. कुत्र्याचा पट्टा काढा, गायीची मोरकी सैल करा, कारण तोंड सुजलं की तेच गळ्याला आणि नाकाला आवळतं. जनावराला चालवू नका, पळवू नका. कुत्र्याला पोत्यावर किंवा फळीवर उचलून गाडीत ठेवा. दंश कुठे, किती वाजता, सूज कुठवर आली हे मोबाइलमध्ये टिपून ठेवा, डॉक्टरांना फार उपयोग होतो. दोरीने करकचून बांधणं, ब्लेडने चिरा देणं, तेल-तूप-मिरची पाजणं, कोंबडी लावणं यातलं काहीही करू नका. रक्त गोठत नसलेल्या जनावराला चिरा दिली तर ती चिराच जीव घेते, आणि घसा लुळा पडलेल्या जनावराला पाजलेलं तूप फुप्फुसात जातं. आवळून बांधलेला पाय नंतर काळा पडतो. देवळाच्या पायरीवर जनावर झोपवून मंत्र म्हणवून घेणारे अजून आहेत. त्यांची काही जनावरं बरी होतात, कारण ती बिनविषारी सापाने चावलेली असतात. नेमकी त्याच भरवशावर घोणशीची गाय तिथे चार तास पडून राहते.

वेदना होतात म्हणून घरातलं माणसांचं दुखण्याचं इंजेक्शन किंवा गोळी देऊ नका. अशी बरीच औषधं रक्तस्राव वाढवतात आणि आधीच धोक्यात असलेल्या मूत्रपिंडावर ताण टाकतात. त्यातलं डायक्लोफेनॅक जनावरांना देण्यावर २००६ पासून बंदी आहे. ते दिल्यानंतर मेलेल्या गुरांचं मांस खाऊन आपली गिधाडं लाखोंनी मेली. उपचारात अँटिबायोटिक दिलं असेल तर डॉक्टर सांगतील तितके दिवस दूध डेअरीला घालू नका. हा खर्चही हिशोबात धरा.

खर्च टाळण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग चाळीपाशी आहे. कांदा चाळ जमिनीपासून उचललेली असते, खाली हवा खेळावी म्हणून. त्याच पोकळीत उंदीर राहतात आणि उंदरांमागे साप येतात. अनेक वस्त्यांवर चाळीला लागूनच गोठा आणि चाळीच्याच खांबाला बांधलेला कुत्रा असतो. साखळीने बांधलेल्या कुत्र्याला पळता येत नाही, तो सापाशी झुंजतो. कुत्रा चाळीपासून दहा-पंधरा पावलं दूर, मोकळ्या जागी बांधा, किंवा रात्री सोडून ठेवा. कडब्याच्या गंजीखालून चारा हाताने ओढण्याआधी काठीने हलवा. गोठ्यात रात्रभर जळणारा एलईडी दिवा लावा. गव्हाणीतलं सांडलेलं खाद्य रोज झाडून टाका, उंदरांचं अन्न तेच आहे.

आणखी एक सुचवणं आहे, आणि ते मला मनापासून करावंसं वाटतं. वीस पशुपालकांनी एकत्र येऊन आपल्या डॉक्टरांमार्फत किंवा दूध संस्थेमार्फत पावडरच्या दहा कुप्या घेऊन ठेवाव्यात. ८०० प्रमाणे ८,००० रुपये, म्हणजे घरटी ४००. ज्याचं जनावर वाचेल त्याने वापरलेल्या कुप्या भरून द्यायच्या. मुदत जवळ आली की बदलून घेता येतील का हे दुकानदाराशी आधीच बोलून ठेवायचं. रात्री अकराला मालेगावच्या बंद मेडिकलची शटर ठोठावत फिरण्यापेक्षा हे फार बरं.

राहिला विमा. वन विभागाची नुकसानभरपाई बिबट्या, लांडग्यासारख्या वन्यप्राण्यांनी मारलेल्या गुरांना मिळते, सर्पदंशाने मेलेल्या गुरांना नाही. पशुधन विम्यात मात्र अपघाती मृत्यू येतो. राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२४ च्या सुधारणेनंतर हप्त्यातला पशुपालकाचा वाटा १५ टक्के आहे. समजा ८०,००० च्या गायीचा वर्षाचा हप्ता ३,२०० निघाला, तर तुमच्या खिशातून ४८० जातील. दावा मिळण्यासाठी कानातला बारा अंकी बिल्ला जागेवर हवा. बिल्ला पडला असेल तर आजच दवाखान्यात कळवून नवा मारून घ्या. गाय मेलीच तर विमा कंपनीला लगेच कळवा, बिल्ल्यासकट फोटो काढा आणि डॉक्टरांकडून शवविच्छेदन करून घ्या. पण अचानक मेलेल्या जनावराच्या नाकातोंडातून किंवा गुदद्वारातून काळपट रक्त येत असेल, तर त्याला कुणीही चिरू नका, कातडंही काढू नका. तो फाशी रोग असू शकतो आणि तो माणसांना होतो. कोवळी ज्वारी खाऊन किराळ लागलेलं जनावरही असंच तडकाफडकी पडतं. म्हणून सर्पदंश होता की आणखी काही, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. उपचारांची बिलं, औषधांच्या चिठ्ठ्या आणि रिकाम्या कुप्यांवरचे बॅच नंबर दाव्याच्या कागदांना जोडा.